ऋण मान्य, मत माझे

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक रकमेला बाजू असते. आले ते एका बाजूला, गेले ते दुसऱ्या बाजूला. आणि अखेरीस दोन्ही बाजू जुळल्या की माणूस निवांत झोपतो. पण ज्या घराने आपल्याला जेवू घातले, ज्याने आपली फी भरली, ज्याने परक्या मुलखात आसरा दिला, त्याचे देणे कोणत्या खात्यावर मांडायचे? आणि ते फेडताना आपण द्यायचे तरी काय? पैसे? श्रम? की आपले मतसुद्धा?

मी वाणिज्याची विद्यार्थिनी. तरीही हा प्रश्न मला जमाखर्चाच्या पुस्तकाने घातला नाही. तो घातला पंडिता रमाबाईंच्या पत्रांनी. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ही पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पत्रे इंग्रजीत आहेत, आणि माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत झालेले. त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊनच मला ती वाचावी लागली. शाळेत रमाबाईंविषयी दोन-चार ओळी पाठ केल्या होत्या: विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन. त्या ओळींत एक गोष्ट नव्हती. ही बाई जन्मभर दुसऱ्यांच्या मदतीवर जगली आणि कामही दुसऱ्यांच्या मदतीवरच केले. पण मदत करणाऱ्या एकालाही तिने आपल्या बुद्धीची मालकी दिली नाही. मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

आपल्या नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असतात. रमाबाईंवर खरे तर दोन्ही विभागांचा हक्क आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात, पश्चिम घाटाच्या दाट अरण्यात आहे. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथेच उगम पावतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मराठी ब्राह्मण. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवायचे त्यांनी ठरवले, तेव्हा आप्तांनी आणि शास्त्रीपंडितांनी त्यांच्यावर गहजब केला. शास्त्रीबुवांनी गाव सोडले, रान गाठले आणि तेथे आश्रम बांधला. पुढे ते कुटुंब तीर्थयात्रेला निघाले तेव्हा रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगराखाली आणले. घरात मराठी, भोवती कानडी, पाठांतराला संस्कृत. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे घर आजही असेच दोन भाषांत बोलते. माझेच पाहा ना! घर आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्याला, हैद्राबाद-नागपूर रस्त्यावर, कुंटाळा धबधब्याच्या अलीकडे. आणि आईचे माहेर मात्र कानडी मुलखातले. वडिलांशी मराठी, आजीशी कन्नड, बाजारात तेलुगू. त्यामुळे भाषा बदलली म्हणून माणूस बदलत नाही, हे मला कोणी वेगळे सांगावे लागले नाही.

रमाबाईंचे तारुण्य सुरू झाले ते मृत्यूंच्या रांगेने. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते प्रांताने वेगळे आणि जातीनेही वेगळे. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेला. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर मूल, पाठीशी कोणी नाही. अशा बाईने मुकाट्याने कोपरा धरावा, ही तेव्हाची रीत होती.

रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ या एकाच वर्षात त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका हव्यात, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे ठणकावून सांगितले. पुढच्याच वर्षी वैद्यकी शिकण्यासाठी त्या विलायतेला निघाल्या. इथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबून पाहावे. बोटीचे भाडे त्यांनी ‘स्त्रीधर्मनीती’च्या विक्रीतून उभे केले. वाँटेज येथील सेंट मेरी मठात त्यांची राहण्याची सोय झाली, तीही फुकट नव्हे. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या मठातल्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात राहायचे, असा तो ठराव होता. मायदेश सोडतानाच त्यांनी आपल्या परीने हिशेब सरळ ठेवला होता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वाँटेजला मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ती बातमी येथे येऊन धडकली तेव्हा महाराष्ट्र खवळला. कालपर्यंत जिला सरस्वती म्हणत होते तिलाच लोक बुडालेली म्हणू लागले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. हा वाद आपण ऐकलेला असतो. त्याच वेळी समुद्रापलीकडे जो दुसरा वाद पेटला होता तो मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

बाप्तिस्मा झाला म्हणजे ही विद्वान हिंदी स्त्री आता आपली झाली. आपण सांगू ते मानील, आपण पाठवू तेथे जाईल, असे मठाला आणि बिशपांना वाटले असावे. रमाबाईंनी ते मानले नाही. वाद अगदी लहान गोष्टीपासून सुरू झाला. त्यांना दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यांनी विचारले, मला न कळणारी भाषा मी गळ्यात का वागवावी? लॅटिन जर पवित्र, तर संस्कृत का नाही? मग गोष्ट वाढली. रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. तेथे डोरोथिया बील या प्राचार्या होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही रमाबाईंनी शिकवावे असे घाटत होते. तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांचे मत घेण्यात आले. लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी कळवले, असे करू नये. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदी लोकांत तिची पत जाईल.

यावर रमाबाईंनी जे उत्तर दिले त्याचा सारांश असा: माझ्या देशातले लोक काय म्हणतील हे तुमच्यापेक्षा मला अधिक ठाऊक आहे. मी बंगालपासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांत भाषणे केली आहेत. कोणाची हरकत असती तर ती तेव्हाच कळली असती. मी मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली आहे, ती दुसऱ्या जोखडात अडकवण्यासाठी नव्हे. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे. तो मी कोणाच्या हवाली करणार नाही.

शिकवण्यापुरताच हा प्रश्न नव्हता. त्रैक्याचा सिद्धान्त, अथानेशियसचा मतांगीकार, चर्चचा अधिकार या सर्वांवर त्या प्रश्न विचारीत. बायबलात जे सापडते ते मी मानीन, केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानणार नाही, ही त्यांची भूमिका. नाना पंथांत विभागलेल्या ख्रिस्ती मंडळींपैकी एकाच पंथाचे शिक्के आपल्यावर मारून घ्यायला त्या तयार नव्हत्या. राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडात, जेथे बाईला चर्चमध्ये उपदेशाची मुभा नव्हती आणि पार्लमेंटसाठी मतही नव्हते, तेथे पारतंत्र्यातल्या देशाची एक विधवा बिशपांशी पत्रातून वाद घालीत होती. आणि तेही त्यांच्याच मंडळींच्या आश्रयाला राहून!

या पत्रांतील आणखी एक गोष्ट मनात रुतून बसते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या आणि मनोरमेच्या सांभाळकर्त्या. सर्वांत कडाक्याचे वाद त्यांच्याशीच झाले. रमाबाई गर्विष्ठ आहे, हट्टी आहे असे त्यांचे म्हणणे. आणि याच बाईंना रमाबाई पत्रात ‘आजीबाई’ म्हणतात. परक्या देशात ज्या बाईने आपल्या मुलीला कडेवर घेतले तिला त्यांनी घरातले नाते दिले. ते नाते वादामुळे तुटू दिले नाही, आणि नात्यापायी वादही सोडला नाही. ऋण मान्य, मत माझे. दोन वेगळी खाती. एकातली रक्कम दुसऱ्यात ओढायची नाही.

हे वाचताना मला माझ्या घरच्या गोष्टी आठवणे साहजिकच होते. दहावीनंतर माझे शिक्षण थांबणारच होते. कपाशीला भाव नव्हता आणि माझ्यामागे दोघे भाऊ आहेत. तेव्हा मामा पुढे आले. “पोरगी हुशार आहे, माझ्याकडे पाठवा,” म्हणाले. पाच वर्षे मी त्यांच्याकडे राहते. फी, पुस्तके, सणाचे कपडे सगळे त्यांनी केले. मामींनी कधी ताटात दुजाभाव केला नाही. आता पदवीचे वर्ष आले आहे. मला सी. ए. करायचे आहे. मामांचे म्हणणे, “बी. कॉम. पुष्कळ झाले. आता दुकानाच्या वह्या सांभाळ, वर्ष-दोन वर्षांत लग्न करून देऊ. एवढे केले ते कशासाठी?” शेवटचे वाक्य ते रागाने बोलत नाहीत, प्रेमानेच बोलतात; म्हणून तर ते जड जाते. रागाला उत्तर देता येते. प्रेमाने मागितलेल्या व्याजाला काय उत्तर द्यायचे?

मला वाटते, आपल्या कॉलेजात असे प्रसंग बऱ्याच जणींवर, आणि काही जणांवरही, येत असतील. कोणी काकांच्या पैशावर शिकतो, कोणी संस्थेच्या वसतिगृहात, कोणी समाजाच्या शिष्यवृत्तीवर. देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तरी देण्याबरोबर एक अदृश्य अट येते: आमच्या मनासारखे वाग. नाही वागलास तर कृतघ्न.

रमाबाईंवर हा आरोप एकदा नव्हे, अनेकदा झाला. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला तो समारंभ झाला. तेथेच १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे मदत करायची असे असोसिएशनने ठरवले. शाळेत धर्मप्रसार करायचा नाही असेही ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या.

१८९३ मध्ये सदनावर वादळ आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा काही मुली येऊन बसत. त्यावरून पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. ज्या पालकांनी निधर्मी शाळा म्हणून मुली पाठवल्या त्यांना धसका बसला, यात नवल नाही; विश्वास हेही भांडवलच असते. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या वेळी माझ्या खोलीचे दार मी लावून घेणार नाही. सनातनी लोकांना त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि चर्चच्या लोकांना पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत. सरकारलाही त्यांनी सोडले नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची जी आबाळ चालली होती तिच्यावर त्यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले; तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला.

मत स्वतंत्र ठेवायचे तर नुसते बाणेदार बोलून भागत नाही, हेही रमाबाईंना पुरते कळले होते. माझ्यासारखीला त्यांचा खरा धडा येथे मिळतो. अमेरिकेची मदत दहा वर्षांची, पुढे काय? त्यांनी आधीच केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली, की मुदत संपेल तेव्हा बागेचे उत्पन्न हाताशी असावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, आणि त्याच जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील मुलींची आणि स्त्रियांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणा, छापखाना चालवला. कामे बायकांनी केली. देणग्या येत राहिल्या, त्या त्यांनी नाकारल्या नाहीत. पण हाताला काम आणि पायाखाली जमीन असल्याशिवाय स्वतंत्र मत टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१२ च्या सुमारास त्यांनी गुलबर्ग्यालाही शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी ती सांभाळली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि आमचा आदिलाबाद जिल्हाही त्याच राज्यात. म्हणजे गंगामूळच्या या मुलीचे काम कानडी मुलखात परतून आले, आणि एका अर्थी आमच्याही दारापर्यंत आले.

चर्चशी त्यांचा जो वाद होता त्याचा शेवट त्यांनी भांडणाने केला नाही, कामाने केला. केडगावला उपासना होई ती सतरंजीवर बसून, पांढऱ्या सुती लुगड्यात, मराठीत. प्रार्थना चालवीत त्या बायका. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एकटीने केले. खेड्यातल्या साध्या बाईला कळावे हा हेतू. मुळाला इतके धरून राहिल्या की वाक्य काही ठिकाणी अडखळते. पण पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून बाईने ग्रंथ स्वतः वाचावा, ही त्यांची लहानपणापासूनची ओढ त्यात आहे. लॅटिन अक्षरांच्या क्रुसावर जो प्रश्न त्यांनी पंचविशीत विचारला होता, त्याचे हे उत्तर. मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी ते जुळवले, छापले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. सबंध बायबल १९२४ मध्ये निघाले.

ज्या इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांना रमाबाईंनी पुरुषांना संस्कृत शिकवणेही खपले नाही, त्याच चर्चने १९९४ मध्ये पहिल्यांदा स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली, आणि तेथे स्त्री बिशप झाली ती २०१५ मध्ये. आपल्याकडे दक्षिण भारताच्या चर्चने २०१३ मध्येच नंद्याळला एका स्त्रीला, ई. पुष्पा ललिता यांना, बिशप केले. रमाबाईंच्या पत्रांना तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

मामांशी मी बोलले आहे. “मामा, तुम्ही केले ते मी विसरणार नाही, आणि पैशाने फिटण्यासारखे ते नाही, हेही मला कळते. पण सी. ए. मी करणार. आर्टिकलशिप मिळाली की माझा खर्च मी काढायचा प्रयत्न करीन. दुकानाच्या वह्या रविवारी लिहून देत जाईन, तुम्ही नको म्हणालात तरी.” मामा काही बोलले नाहीत. अजूनही फारसे बोलत नाहीत. मामी तेवढ्या म्हणाल्या, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नकार नव्हे, होकारही नव्हे.

रमाबाईंना तरी लगेच कोण काय म्हणाले? सनातन्यांनी, बिशपांनी, स्नेह्यांनीही त्यांना हट्टी म्हटले. त्यांनी कोणाचे उपकार नाकारले नाहीत, कोणाला टाकून बोलल्या नाहीत, आणि कोणापुढे बुद्धी गहाणही ठेवली नाही. वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या वहीत कोणाचे ना कोणाचे देणे आहे. ते मान्य करावे, जमेल तसे फेडावे, आणि फेडून संपणार नाही तेवढे पुढच्या कोणाला तरी द्यावे. केडगावच्या दीड हजार मुलींकडून रमाबाईंनी काय परत मागितले असेल? आपल्या हातांनी काम करा आणि आपल्या डोळ्यांनी वाचा, एवढेच. देणाऱ्याने मागावे ते इतकेच असावे.